गवती छपराची वाटणी

३ सप्टेंबर, मंगळवार

पोहोचले. होडीत तीन तास ओकारी दाबून बसले. धक्क्यावर उतरले तेव्हा घ्यायला कुणी आलेलं नव्हतं. वहिनीला दहा दिवस आधी पत्र टाकलं होतं की मी येते आहे, कायमची, आणि घर निम्मं माझं आहे. उत्तर नाही. त्या बाईच्या तोंडाला लग्न झाल्यापासूनच कुलूप आहे.

होडीवाल्याने माझी ट्रंक आणि शिलाई मशीन टेकडीवर आणून दिलं. वाटेत म्हणाला, "ताई, अख्ख्या बेटावर गवताचं छप्पर आता तुमचंच एक उरलंय. बाकीचे पत्र्यात गेले, नाहीतर खाली धक्क्याजवळच्या सरकारी खोल्यांत." सांगताना छाती अशी फुगवली की छप्पर जणू यानेच तोलून धरलंय.

घर आहे तसंच आहे. हातभर जाडीच्या दगडी भिंती, वाकून जावं लागतं असं दार, आणि वर ते गवत, वळचणीपर्यंत खाली आलेलं, वाऱ्याने उडू नये म्हणून दोरांनी बांधलेलं आणि दोरांना दगड लटकवलेले. वहिनी दारात उभी होती. "आलात?" एवढंच म्हणाली. अकरा वर्षांपूर्वी दादा गेला तेव्हा पाहिली होती, त्यानंतर आजच. म्हातारी झाली आहे, पण पाठ ताठ आहे. चौसष्ट वय म्हणजे काय कमी नाही.

माझ्यासाठी खाट टाकलेली होती ती नेमकी पश्चिमेच्या, वाऱ्यापावसाच्या माऱ्यातल्या भिंतीला. मुद्दाम. गादी नवी भरलेली दिसते, म्हणजे जुनी मऊ गादी हिने स्वतःकडे ठेवली असणार.

मी इथे माझ्या मर्जीने आले आहे, हे लिहून ठेवते. मुलगा म्हणाला, "आई, थोडे दिवस कुठेतरी जाऊन ये, तिच्या परीक्षा आहेत, मशीनचा आवाज होतो." तिच्या म्हणजे नातीच्या. मी म्हटलं, थोडे कशाला, कायमचीच जाते. तो काही बोलला नाही. आईला अडवायचं कसं हे त्याला सुचलं नसेल.

४ सप्टेंबर, बुधवार

सकाळी वहिनीने काही न बोलता एक सरकारी पत्र माझ्यापुढे ठेवलं. लपवायची हिंमत झाली नाही. मजकूर असा: हे बेटावरचं शेवटचं गवती घर, तेव्हा पंधरा ऑक्टोबरला अधिकारी पाहणीला येईल. छप्पर धड असलं तर घर जतन केलं जाईल, आणि रहिवासी म्हणून ज्याचं नाव लागेल त्याला ते मरेपर्यंत राहायला मिळेल. छप्पर धड नसलं तर घर धोकादायक ठरवून पाडतील.

सोबतच्या अर्जात रहिवाशाच्या नावाला एकच ओळ आहे.

पाडलं तर वहिनीचं काही बिघडत नाही. बेटावरची विधवा म्हणून तिला खाली एक खोली तीन वर्षांपूर्वीच मिळाली आहे, ती कुलूप लावून ठेवली आहे. मी मात्र सतराव्या वर्षी शिकायला बाहेर पडले, म्हणून मी इथली नाही म्हणे. मला खोली नाही. म्हणजे मला हे घरच हवं आणि त्या ओळीवर माझंच नाव हवं. बाबांनी घर दोघा भावंडांच्या नावे केलेला कागद माझ्याकडे आहे. तिच्याकडे काय आहे? तीन खोकी आणि एक कोंबडी.

७ सप्टेंबर, शनिवार

चार दिवस धूर खाते आहे. चूल घराच्या मधोमध, धुराडं नाही. धूर वर चढतो, आढ्याशी घोटाळतो आणि मग गवतातून झिरपत बाहेर जातो. जायचा तेवढा जातो, उरलेला माझ्या छातीत. उशीचा अभ्रा काळा झाला. आज खोकून खोकून बरगड्या दुखल्या तेव्हा सांगून टाकलं, "वहिनी, ही चूल आजपासून बंद. मी गॅसची शेगडी मागवली आहे. माणसासारखं राहू."

तिने वर छपराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता तोंड सोडेल. मी तयारच होते. पण म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, वन्सं."

चुलीवर पाणी ओतून ती बाहेर कोंबडीकडे गेली. पहिल्याच आठवड्यात शरण आली. शाळेत एकतीस वर्षं शिवण शिकवलं, द्वाड मुली कशा सरळ करायच्या ते मला कळतं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

ही रोज दुपारी खाली जाते. कुठे जाते म्हणून आज मागोमाग गेले. तर तिच्या त्या सरकारी खोलीत. दार उघडून आत उभी होती, नळ उघडत होती आणि बंद करत होती. उघडायचा, पाण्याखाली हात धरायचा, बंद करायचा. रिकाम्या खोलीत! मग भिंतीला हात लावून बघितला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण हसू आलं. डोकं फिरायला लागलंय.

संध्याकाळी मला विचारते, "चार फुटी खिडकीला पडदा करायचा तर कापड किती लागेल?" आमच्या या घराची खिडकी वीतभर. म्हटलं, "वहिनी, आधी डोकं ठिकाणावर ठेवा, मग पडदे शिवा." नंतर मात्र वाटलं, कापड किती लागेल ते सांगायला काय झालं होतं. मूलबाळ नाही, नवरा नाही, बोलायला कोंबडी. पण मग तिनेही कधी मला विचारलं का, प्रवास कसा झाला?

१७ सप्टेंबर, मंगळवार

दुकानातून मुलाला फोन केला. सुनेने उचलला. खोलीत नातीचं अभ्यासाचं टेबल लावलं म्हणाली, माझी खाट काढली. बरंच झालं. जागा अडत होती.

पाऊस सुरू झाला आहे.

२६ सप्टेंबर, गुरुवार

अंगाचा तिळपापड झाला आहे, अक्षर वाकडं येतं आहे, येऊ दे.

आठ दिवस पाऊस. कालपासून माझ्या खाटेवर थेंब. आज सकाळी स्टुलावर चढून छपरात बोटं घातली तर ओल्या भातात घातल्यासारखी आत गेली. काळं पाणी मनगटावरून खाली आलं. गवतावर इवल्या इवल्या छत्र्या उगवल्या आहेत. आणि किडे! मूठभर गवत ओढलं तर शंभर किडे अंगावर पडले.

मी ओरडले, "वहिनी, हे बघा तुमचं छप्पर!"

ती आली, वर बघितलं. चेहऱ्यावर काही नाही. म्हणाली, "धूर नाही ना. धुराने गवत कोरडं राहतं, कीड मरते. चूल विझली की पावसात तीन आठवडे टिकतं, फार तर चार."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं!"

"होतं."

"आणि मी चूल बंद करायला सांगितली तेव्हा दातखीळ बसली होती का?"

"तुम्ही विचारलं कुठे? सांगितलंत. मी ऐकलं."

असं म्हणून बसली चूल पेटवायला. पंधरा ऑक्टोबरला एकोणीस दिवस उरलेत. मी या घरात जन्मले, सतरा वर्षं त्या धुराखाली झोपले, आणि धूर कशासाठी असतो हे मला माहीत नव्हतं. हे मी तिला कदापि कबूल करणार नाही. आई करायची सगळं, आणि मी पुस्तक घेऊन बाहेर दगडावर बसायचे.

पण हिने मुद्दाम केलं. घर पडलं तर हिची खोली आहेच. मी जाईन कुठे?

२७ सप्टेंबर, शुक्रवार

पूर्वेचं पाखं, म्हणजे छपराची ती उतरती बाजू, वाचेल म्हणते. पश्चिमेचं पूर्ण काढून नव्याने शाकारायचं. मी विचारलं, गवत कुठून आणणार? तर मागच्या पडवीत लव्हाळ्याच्या पेंढ्या रचून ठेवलेल्या, कापलेल्या, वाळवलेल्या, आढ्यापर्यंत. म्हणजे पाखं जाणार हे हिने आधीच धरलं होतं! होडीवाला म्हणतो, "नाही हो ताई, त्या दरवर्षी एक बाजू नवी करतात." दरवर्षी. मी पेंढ्या मोजायला लागले.

३० सप्टेंबर, सोमवार

कामाला लागलो. रीत अशी: वहिनी शिडीने वर. पेंढी रचायची, ती खालच्या वाशाला दोरीने शिवून टाकायची. त्यासाठी लाकडाचं दाभण आहे, हातभर लांब. ती वरून दाभण खुपसते, ते गवतातून आत येतं. मी आत स्टुलावर उभी. दोर वाशाभोवती फिरवायचा आणि दाभण दुसऱ्या बाजूने परत वर ढकलायचं. ती ओरडते "घ्या!" मी ओरडते "आलं!" आणि पुन्हा.

मला वाटलं, शिवण तर माझा विषय. तिसऱ्या टाक्याला वरून आवाज आला, "वन्सं, हा टाका कसला? उसवा."

मी! एकतीस वर्षं मुलींच्या वह्यांत 'उसवून पुन्हा शिवा' असा लाल शेरा मी मारला आहे. म्हटलं, "काय वाईट आहे त्यात?"

"सैल आहे. वारा पहिल्यांदा तिथेच बोट घालेल."

उसवला. दिवसभरात तिने नऊ टाके उसवायला लावले. तोंडात, नाकात, कानात जुन्या छपराची काजळी. आरशात पाहिलं तर कोळशाच्या गाडीवरची बाई. ती खाली उतरून माझ्याकडे बघून हसली. हसली! या महिन्यात पहिल्यांदा, आणि तेही मला.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

पाखं निम्मं झालं. आज स्टुलावर उभ्या उभ्या डोक्यात आलं ते विचारलं, "वहिनी, दादा गेल्यावर आत कोण असायचं?"

"कुणी नाही."

"मग दाभण परत कोण द्यायचं?"

वरून उत्तर आलं. "मीच. खुपसायचं, खाली उतरायचं, आत जायचं, परत ढकलायचं, वर चढायचं."

"प्रत्येक टाक्याला?"

"मग काय दाभण स्वतः येणार आहे? घ्या!"

दाभण आलं. मी दोर फिरवला, परत दिलं. एका पाख्याला चारशेच्या वर टाके आहेत. अकरा वर्षं. मूर्ख बाई. कुणाला तरी बोलवायचं, होडीवाला काय नाही म्हणाला असता? मला पत्र टाकायचं. टाकलं असतं तर मी आले असते का हा निराळा प्रश्न आहे.

७ ऑक्टोबर, सोमवार

आज भांडण झालं. मधे छप्पर असलं की बरं पडतं, तोंड दिसत नाही.

सुरुवात कशावरून झाली आठवत नाही. मी म्हटलं, "आईच्या आजारात तुम्ही मला वेळेवर कळवलं नाहीत. मी आले तेव्हा सगळं संपलं होतं. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही."

वाटलं, लागलं वर्मी. मग गवतातून तिचा आवाज आला, नेहमीसारखाच, ना वर ना खाली. "तीन चिठ्ठ्या पाठवल्या होत्या. सासूबाई तुमची वाट बघत दाराकडे तोंड करून झोपायच्या. शेवटी मी खाट वळवली. घ्या!"

मी दाभण घेतलं नाही. ती दोनदा ओरडली. मग घेतलं.

दोन चिठ्ठ्या मिळाल्या होत्या. तिसरीचं मला माहीत नाही. शाळेत परीक्षा चालू होत्या, म्हटलं पुढच्या आठवड्यात जाऊ, आई काय आजच चालली आहे. हे वीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. तिलाही सांगितलं नाही. इथे लिहिते, कारण वही उलटून बोलत नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी म्हणते, "आज तुम्ही वर."

"माझे गुडघे बघितलेत का?"

"माझेही बघा." आणि खरंच परकर वर करून दाखवले. दोन बटाटे.

चढले. पहिला तास शिडीला मिठी मारून होते. मग हळूहळू हात सुटला. वरून सगळं बेट दिसतं, सगळे पत्रे चकाकत असतात, डोळे दुखतात. ही खालून, आतून, दाभण परत देत सूचना सोडते. पेंढीचं बूड खाली. आढ्याला जास्त जाड. दोर आधी भिजवा, वाळला की आवळतो. लव्हाळा ओहोळाच्या पलीकडचाच कापायचा, अलीकडचा पोकळ. चूल दिवसातून दोन वेळा, ओलं लाकूड चालेल, उलट ओलंच बरं. थांबतच नाही. महिनाभर मुकी होती आणि आता कान किटेपर्यंत बोलते. दुपारी तर मला प्रश्न विचारायला लागली, जसं काही तोंडी परीक्षा आहे. "वारा पश्चिमेचा फिरला तर आधी कुठला दोर बघाल?" मी म्हटलं, "तुम्ही आहात ना बघायला." त्यावर म्हणाली, "दोर कुठला?"

कोपऱ्यावरचा. सांगितला. मान हलवली. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा राग आला.

१४ ऑक्टोबर, सोमवार

पाखं पूर्ण. देखणं दिसतं, नाकारून चालणार नाही. माझे टाके कुठले आणि तिचे कुठले ते आता मलाही ओळखता येत नाही.

उद्या अधिकारी. बाबांचा कागद उशीखाली ठेवला आहे. काय बोलायचं ते तीनदा म्हणून पाहिलं. "मी या घरात जन्मले. निम्मं घर माझं आहे. माझी मोठी भावजय आहे, तिला खाली स्वतंत्र खोली आहे, तिची गैरसोय होणार नाही." ती गप्प बसणार नाही. चौतीस वर्षं ती इथे राबली आहे, ते ती काढेल. अकरा वर्षांचं शिडीचं काढेल. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून आधी मीच बोलायचं.

मला वाईट वाटतं आहे का? थोडं. पण माझी खाट रस्त्यावर आली तर नुसत्या वाईट वाटण्याने ती परत छपराखाली येणार नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

अधिकारी आला. हडकुळा, बुटांना चिखल, आणि धुराने लगेच डोळे पुसायला लागला. त्याने शिडी मागितली, वर चढला, पश्चिमेच्या पाख्यात मनगटापर्यंत हात घातला, काढला, वास घेतला. मी शिडी धरून उभी. "कोरडं आहे," म्हणाला. "शिवण कुणाची?"

वहिनी म्हणाली, "ह्यांची."

मी तिच्याकडे पाहिलं. ती अधिकाऱ्याकडे पाहत होती.

मग त्याने अर्ज काढला. "रहिवासी कोण?" मी कागद पुढे केला, तोंड उघडलं, "मी या घरात जन्मले..." पर्यंत गेले आणि वहिनी मधेच म्हणाली, "ह्याच राहतात. ह्यांचंच नाव लिहा."

त्याने लिहिलं. एका मिनिटात. "आणि तुम्ही?" तिला विचारलं.

"मी खाली. धक्क्याजवळ."

बोचकं बांधून दारामागे ठेवलेलंच होतं. एक खोकं होडीवाला आदल्याच दिवशी घेऊन गेला होता, मला पत्ता नाही. कोंबडी काखेत मारली आणि अधिकाऱ्याच्या मागोमाग टेकडी उतरली. मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं, वळणावर तरी बघेल.

जिंकले. मी हे लिहिलं आणि दोनदा वाचून पाहिलं.

१६ ऑक्टोबर, बुधवार

घर माझं आहे. चूल दोन वेळा पेटवली. डाव काय आहे तिचा, ते कळत नाही. रडतपडत परत येईल. दोन दिवस.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आली नाही. आज मीच गेले. रागाने गेले, हे खरं. उपकार करून निघून गेलेल्या माणसाला जाब विचारायचा असतो, नाहीतर तो उपकार अंगावर राहतो.

दार लोटलेलं होतं, ढकलून आत गेले. वहिनी भर दुपारी खाटेवर पाय पसरून झोपली होती. चौतीस वर्षांत तिला दिवसा आडवी झालेली मी पाहिलेली नाही. खिडकीला पिवळा पडदा, टाके वाकडे, हातानेच शिवलेला.

उठून बसली. "वन्सं, दार वाजवायचं असतं."

"काय डाव आहे तुमचा?" मी उभ्याउभ्याच विचारलं. "घर मला का दिलंत?"

"मला नको होतं."

"कधीपासून?"

तिने खरंच विचार केला. "लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. डोळे उघडले तर धूर. चौतीस वर्षं चुरचुरतायत. लोकांच्या डोक्यावर छप्पर असतं, मी मात्र कायम छपरावर." मग नळाकडे हात करून म्हणाली, "तो बघा. फिरवला की येतं."

"मग तीन वर्षांपूर्वीच यायचं ना इथे!"

"आणि मागे ते कोसळलं असतं म्हणजे? सगळ्यांत आधी होडीत बसून तुम्ही आला असतात नावं ठेवायला. दर पत्रात शेवटची ओळ काय असायची तुमची?"

'घर नीट ठेवा.' अशी असायची. तिने सांगायची गरज नव्हती.

मी म्हटलं, "मग सरळ द्यायचं होतं मला. एवढा महिनाभर..."

"दिलं असतं तर घेतलं असतंत? वहिनीने टाकलेलं घर?"

मी पिवळ्या पडद्याकडे बघत राहिले. कारण नसतं घेतलं. थुंकले असते त्यावर. ते मला मिळवायला लागलं म्हणून मला हवं होतं, आणि हे तिने मी होडीत पाय ठेवायच्या आधीच ओळखलं होतं. माझी गादीही त्याआधीच भरली असेल. तिला माझ्याबद्दल कुणी काय काय सांगितलं होतं, देव जाणे. विचारायचा धीर झाला नाही.

तिने चहा दिला. एकच खुर्ची आहे, ती मला दिली, स्वतः खाटेवर बसली. पिऊन झाल्यावर कप हातातून घेतला आणि म्हणाली, "आता जा. चुलीची वेळ झाली. आणि पुढच्या वेळी बाहेर उभं राहून विचारायचं. सासूच्या घरात कुणीही कधीही यायचं, मी काही बोलले नाही. हे माझं आहे."

टेकडी चढताना दोनदा बसले. लाज वाटली. हे दोन शब्द लिहायला अर्धा तास गेला.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

काल वारा पश्चिमेचा फिरला. कोपऱ्यावरचा दोर मी बघितला होता, तो धरून राहिला. पण आढ्याखाली दोन हात गवत उचकटलं. सकाळी वारा पडल्यावर शिडी लावली. दाभण खुपसलं. उतरले. आत गेले, दोर फिरवला, परत ढकललं. चढले. ओढला. एक टाका.

तिसऱ्या टाक्याला वहिनीला शिव्या दिल्या. पाचव्याला बाबांना. आठव्याला मुलाला, अगदी नाव घेऊन, मोठ्याने. आजूबाजूला ऐकायला कुणी नव्हतं. अकराव्या टाक्याला शिव्या द्यायला कुणी उरलं नाही, आणि टाके तर अजून पंचवीस-तीस बाकी. आभाळ भरून आलेलं. स्टुलावर बसून पोटभर रडले. सून खाट काढली म्हणाली तेव्हा रडायला हवं होतं, ते आज रडले.

तोंड धुतलं आणि खाली गेले.

दार सताड उघडं होतं. ती समोरच बसून तांदूळ निवडत होती. मला पाहिलं. बोलावलं नाही. मी उंबऱ्याच्या बाहेर थांबले. माझे पाय आत जायला असे शिवशिवत होते की ते मलाच धरून ठेवावे लागले.

"वहिनी," मी म्हटलं, "आत येऊ का?"

तिने ताटातला एक खडा उचलला, नीट बघितला, खिडकीतून बाहेर टाकला. "काम काय आहे?"

"आढ्याखाली उचकटलंय. दाभण परत द्यायला आत कुणीतरी हवं आहे."

"माझे गुडघे दुखतात."

"तुम्ही आत स्टुलावर. वर मी चढते."

"धूर असेल."

"असेल."

तिने आभाळाकडे बघितलं, मग तांदळाकडे. "भात व्हायचाय माझा," म्हणाली. "थांबा तिथेच. बघते." आणि उठून दार लोटून घेतलं.

मी बाहेर उभी राहिले. किती वेळ, ते लिहीत नाही.